हिरड्यांचा आजार आणि पांढऱ्या पेशी

हिरड्यांवर चढाई करणाऱ्या जंतूंना सर्वांत आधी अडवतात त्या रक्तातील पांढऱ्या पेशी. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, हिरड्यांतून रक्त-पू येऊन दात हलू लागले की ‘पायरिया झाला’ असे म्हणतात. तो या आजाराचा बराच पुढचा टप्पा असतो.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी माणसालाही एक ते तीन मिलिमीटर खोल खाच असते. तिच्या तळाचे अस्तर विरळ असल्याने रक्तवाहिन्यांतून निघालेल्या न्यूट्रोफिल पेशी त्यातून वाट काढत सतत तोंडात उतरतात. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच जातीच्या असतात. निरोगी तोंडातही मिनिटाला सुमारे ३०,००० पेशी अशा येतात, असा अंदाज १९७० च्या सुमारास मांडला गेला. जंतूंना गिळून पचवणे हे त्यांचे मुख्य काम. पेशींचे हे भक्षण रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये ओळखले आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर टाकूनही जंतू अडकवतात, हे मात्र २००४ मध्ये कळले. त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या आणखी दोन जातींच्या पांढऱ्या पेशी येतात.

या पेशी नसतील तर काय होते, हे काही दुर्मिळ जन्मजात विकारांत दिसते. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेरच पडू शकत नाहीत अशा मुलांचे दुधाचे दातसुद्धा लवकर हलून पडतात.

पण याच पेशी नुकसानही करतात, आणि या आजाराचे मर्म इथेच आहे. दातांवरचा जंतूंचा थर रोज निघाला नाही, तर पेशींचा ओघ थांबत नाही. जंतूंसाठी सोडलेली पाचकद्रव्ये मग हिरडीला बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन विरघळवतात, आणि दाहाच्या संकेतांमुळे दाताभोवतीचे हाड झिजू लागते. पोर्फिरोमोनास जिन्जिव्हॅलिससारखे जंतू या पेशींना चकवून दाह तेवढा चालू ठेवतात. मधुमेह ताब्यात नसला की न्यूट्रोफिलचे काम बिघडते आणि हाडाची झीज वाढते.

तंबाखूचा संबंध खानदेशात विशेष सांगायला हवा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद घटते. त्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येते. त्यामुळे आत हाड झिजत असताना माणूस निर्धास्त राहतो, आणि दवाखान्यात येतो तो दात हलू लागल्यावर. भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावण्याची सवय बायकांमध्ये जास्त आढळते. ती जिथे रोज घासली जाते तिथली हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. मिसरीने दात घट्ट होतात ही समजूत खरी नाही. निंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने थर काही प्रमाणात निघतो, पण दातांच्या फटींत ती नीट पोहोचत नाही.

हिरडी नुसती सुजली असेल तर नीट स्वच्छतेने ती पूर्ववत होते. दातांवर कीटण, म्हणजे टणक झालेला थर, धरले असेल तर ते दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते. मग पेशींचा ओघ ओसरतो आणि सूज उतरते. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ म्हणून अनेकजण हे टाळतात. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते. कीटणाने भरलेली फट मोकळी झाल्यावर ते जाणवते एवढेच.