बँकेच्या लिलावातलं घर: पाहणीत काही खटकलं तर बोलीच्या आधी काय करायचं

इंदूरमध्ये लिलावातला फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून बरेच जण विचारतात, पण घर बघून आल्यावर काही खटकलं तर कोणाला सांगायचं ते कोणी विचारत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कर्ज थकल्यावर गहाण मालमत्ता विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, बँक विकते ती 'जसं आहे, जिथं आहे' या अटीवर, म्हणजे बोली लागल्यावर भिंतीत ओल निघाली तर बँक सरळ हात वर करते. म्हणून भांडायचं ते आधीच, आणि लेखी.

बोलीसाठी वय १८ पूर्ण पाहिजे, पॅन, आधार, बँक खातं, बँकनेट या बँक-लिलावांच्या पोर्टलवर केवायसी, आणि बयाणा बहुधा राखीव किमतीच्या (ज्याखाली बँक विकत नाही त्या किमतीच्या) १० टक्के. एवढंच.

जाहीर नोटिशीत पाहणीची तारीख आणि प्राधिकृत अधिकाऱ्याचा, म्हणजे विक्री बघणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याचा नंबर असतो. मी मावसभावासोबत सुदामा नगरकडे गेलो होतो, गार्डनं हॉल उघडला पण आतल्या खोलीला वेगळं कुलूप, किल्ली नाही म्हणे, आणि बाहेर लाइटचं मीटर बंद. आम्ही तिथूनच फोटो काढून ईमेल टाकला तेव्हा चार दिवसांनी परत उघडून दिलं, तर छताचं प्लास्टर पडून गंजलेल्या सळ्या बाहेर आलेल्या! भावानं तिथेच आपली बोलीची हद्द दोन लाखांनी खाली आणली.

ईमेलमध्ये हे विचाराच: बँकेकडचा ताबा प्रतीकात्मक (फक्त कागदावरचा) आहे की प्रत्यक्ष, आत कोणी राहतंय का, संपत्तीकर, सोसायटी आणि विजेची थकबाकी किती. विजेचं तर नक्कीच, कारण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की नियमांत तशी तरतूद असेल तर नवीन कनेक्शनसाठी जुनी बाकी नव्या मालकाकडून मागता येते. घरावरचा जो बोजा (दुसऱ्याचं देणं किंवा हक्क) बँकेला माहीत आहे तो विक्रीच्या नोटिशीत लिहिणं सरफेसीच्या नियम ८(६) प्रमाणे बंधनकारक आहे, तो लपवला असेल तर तुमची बाजू भक्कम होते, मग वकिलाला दाखवून जबलपूरच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं का ते बघा, सरफेसीच्या कलम १७ खाली मुदत ४५ दिवसांचीच असते.

पण वाद आहे म्हणून पैसे अडवून धरू नका हो! बोली लागली की किमतीचे २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, बाकीचे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, लेखी मुदत वाढवून मिळाली तरी जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेले जप्त, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशी जप्ती बरोबर ठरवलीय.

कर्जात अडकलेला मालक स्वतःच विकत असेल तर गोष्ट वेगळी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे साध्या नजरेला न दिसणारा, पण त्याला माहीत असलेला मोठा दोष त्यानं सांगायलाच पाहिजे, आणि दुरुस्तीची रक्कम किमतीतून कापायचं ठरलं तर ते इकरारनाम्यातच (विक्रीच्या करारातच) लिहून घ्या, तोंडी ठरलेलं रजिस्ट्रीच्या दिवशी कोणाला आठवत नाही. सोबत बँकेचं बाकी कर्जाचं पत्र, एनओसी, महानगरपालिकेची (निगमची) कराची पावती, तारखेसकट फोटो आणि दोघांच्या सहीचा पाहणीचा कागद, सगळं एका फाइलीत.