आगळाने पारा उतरत नाही

‘माशाला हळद-मीठ चोळून, कोकमाच्या आगळात अर्धा तास ठेवला की त्यातला पारा निघून जातो.’ हे ऐकत आपण मोठे झालो. आगळाने जातो तो हिवस वास. पारा नाही.

कारण पारा माशाच्या अंगावर बसलेला नसतोच. मिथिलमर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाच्या रूपात तो मांसातल्या प्रथिनांना घट्ट धरून असतो. तुकडी तव्यावर चरचरते तेव्हा पाणी उडतं, पारा तिथेच राहतो. म्हणजे ग्रॅममागे प्रमाण उलट किंचित वाढतंच. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ साली उघडकीला आलेल्या, माशांतल्या पाऱ्याच्या विषबाधेत लोक मासे धुऊन, शिजवूनही खात होते.

फरक पडतो तो मासा निवडताना. लहान माशांना खाऊन वाढणाऱ्या, जास्त जगणाऱ्या माशांत पारा साठत जातो. मालवणी मोरीचं मटण कितीही चविष्ट असो, मोरी म्हणजे शार्कच. गरोदर बाईने ते टाळावं. तारली, मांदेली, बांगडा खुशाल खावेत.

कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूचं मात्र वेगळं. तो माकुलाच्या (स्क्विडच्या) आतड्या-काळजात आणि कुर्लीच्या (खेकड्याच्या) तपकिरी गरात जास्त असतो. तिथे साफ करणं खरंच उपयोगी पडतं.