ओएनजीसी आणि एचपीसीएल: दोन्ही तेलाचेच शेअर, पण चाल उलटी

ब्रेंट क्रूड (ज्याचा भाव जगभर प्रमाण धरतात ते कच्चं तेल) चढलं की ‘तेलाचे शेअर घ्या’ हा सल्ला हमखास येतो. कोणते, ते मात्र कुणी सांगत नाही. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया तेल काढून विकतात. एचपीसीएल, बीपीसीएल आणि इंडियन ऑइल क्रूड विकत घेतात, शुद्ध करतात आणि पंपावर पोचवतात. मुंबईला दोन्ही धंदे आहेत: समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायच्या विहिरी, इकडे माहुलला बीपीसीएल-एचपीसीएलच्या रिफायनऱ्या. क्रूड हा पहिल्यांचा विकायचा माल, दुसऱ्यांचा कच्चा माल.

ओएनजीसीचं गणित त्यातल्या त्यात सरळ. विहिरी, प्लॅटफॉर्म, पाइपलाइन यांवरचा पैसा आधीच घातलेला असतो. बॅरल ७० डॉलरला विकलं काय किंवा १०० ला, काढण्याचा खर्च फारसा हलत नाही. रॉयल्टी आणि उपकर वजा जाता वाढीव भाव नफ्यात उतरतो. पण सरकार मध्ये येतं. १ जुलै २०२२ ला देशी क्रूडवर टनामागे २३,२५० रुपये विंडफॉल कर, म्हणजे अचानक झालेल्या घबाड नफ्यावरचा कर, लागला. टनात साधारण ७.३ बॅरल आणि डॉलर ७९ रुपये धरला, तर हे बॅरलमागे सुमारे ४० डॉलर होतात! हा कर नंतर कमी-जास्त होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. गॅसचंही तसंच. जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून भारतीय क्रूड बास्केटच्या (भारत घेतो त्या क्रूडच्या सरासरी भावाच्या) १० टक्के ठरला, पण कमाल मर्यादा तेव्हा ६.५ डॉलर होती (दर एमएमबीटीयू, म्हणजे गॅस मोजायच्या एककाला). म्हणजे त्या मर्यादेत क्रूड ६५ च्या वर कितीही गेलं, तरी या गॅसचा भाव तिथेच अडकायचा.

एचपीसीएलचा नफा दोन ठिकाणांहून येतो, आणि गोंधळ इथेच होतो. एक रिफायनिंग मार्जिन, म्हणजे तयार इंधनाचा बाजारभाव वजा क्रूडचा भाव; दुसरं पंपावरच्या विक्रीचं मार्जिन. एप्रिल-जून २०२२ च्या तिमाहीत एचपीसीएलचं रिफायनिंग मार्जिन बॅरलला १६.६९ डॉलर होतं. एकदम झकास आकडा. तरीही तिमाहीचा तोटा सुमारे १०,१९७ कोटी रुपये. कारण एप्रिलच्या सुरुवातीपासून कंपन्यांनी पंपावरचे भाव वाढवले नव्हते. डॉलर ८५ रुपये धरला तर क्रूडमधल्या एका डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे साधारण ५३ पैसे, कारण बॅरलमध्ये १५९ लिटर असतात. भाव गोठले की हे पैसे कंपनीच्या खिशातून जातात. त्यातून एचपीसीएल स्वतः शुद्ध करते त्यापेक्षा जास्त इंधन विकते. बाहेरून बाजारभावाने घेतलेल्या त्या इंधनावर रिफायनिंगचा नफा शून्य, विक्रीचा तोटा पुरा. त्याच तिमाहीत ओएनजीसीने १५,२०६ कोटी कमावले.

क्रूड का चढलं, हेही बघायला हवं. मागणी वाढल्याने चढलं असेल तर बहुधा डिझेल-पेट्रोल क्रूडपेक्षा जास्त महागतं आणि रिफायनरीचं फावतं. ओपेक प्लसने, म्हणजे तेल उत्पादक देशांच्या गटाने, उत्पादन कापल्याने चढलं, तर कच्चा माल महागतो पण गिऱ्हाईक वाढत नाही, मार्जिन आक्रसतं. २०२२ चं प्रकरण वेगळं: रशियाच्या क्रूडबरोबर तिथल्या डिझेलचाही पुरवठा तुटायची धास्ती होती, म्हणून मार्जिन भडकलं.

‘मग क्रूड पडलं की एचपीसीएल घ्यावा’ हेही अर्धंच खरं. हळूहळू उतरलं आणि पंपावरचे भाव तसेच राहिले, तर चांदी. धाडकन कोसळलं, तर आधी चढ्या भावाने घेऊन टाक्यांत आणि जहाजांवर असलेल्या साठ्याची किंमत घटते. याला इन्व्हेंटरी लॉस म्हणतात. जानेवारी-मार्च २०२० मध्ये क्रूड कोसळलं आणि इंडियन ऑइलला ५,१८५ कोटींचा तोटा झाला, तो मुख्यतः यामुळेच.

आणखी एक गुंता: जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने एचपीसीएलमधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा विकत घेतला. त्यामुळे ओएनजीसीच्या एकत्रित निकालात एचपीसीएलचा नफा-तोटाही मिसळलेला असतो. विहिरींची कमाई बघायची असेल, तर स्टँडअलोन, म्हणजे उपकंपन्या सोडून फक्त ओएनजीसीचे, निकाल उघडा.