ब्यावोव्येझा

ब्यावोव्येझा : पूर्व पोलंडमधील एक ग्रामीण ग्मीना. पोडलास्की प्रांत, हाइनूफ्का जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे २०३ चौ. किमी. ग्मीना हा तेथील स्थानिक शासनाचा सर्वांत खालचा घटक. अनेक गावे मिळून एक, म्हणून तो आपल्या गटग्रामपंचायतीची आठवण करून देतो. अधिकार मात्र बरेच अधिक. ग्रामीण ग्मीनेच्या निर्वाचित प्रमुखाला ‘वुइट’ म्हणतात. या ग्मीनेची पूर्व हद्द म्हणजेच बेलारूसची सीमा.

ग्मीनेचा बहुतेक भाग अरण्याने व्यापला आहे. तेरेमिस्की, पोगोझेल्त्से, बुडी ही गावे झाडी तोडून काढलेल्या मोकळ्या जागांत वसली. अरण्य वाचले ते राजांच्या शिकारीच्या हौसेमुळे. राखणीच्या मोबदल्यात वनरक्षक शेतकऱ्यांना वेठबिगारीतून सूट मिळे. १७५२ साली पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्या शिकारीत ४२ युरोपीय गवे (झुबर) पडले. त्याची नोंद असलेला दगडी स्तंभ अजून उभा आहे. पुढे अरण्य रशियाच्या झारकडे गेले. झारने १८८९–९४मध्ये बांधलेला राजवाडा १९४४मध्ये जळाला. आज त्याचे प्रवेशद्वार शिल्लक आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी प्रचंड वृक्षतोड केली. १९१९मध्ये येथील शेवटचा रानटी झुबर मारला गेला. १९२९मध्ये बाहेरून आणलेल्या जनावरांपासून पैदास सुरू झाली आणि १९५२मध्ये पहिले झुबर पुन्हा मोकळे सोडण्यात आले. आपल्याकडील गव्याचा हा केसाळ भाऊबंद आता ग्मीनेच्या पर्यटनाचा मुख्य आधार आहे.

वस्ती मिश्र आहे : कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील परंपरेचे) ख्रिस्ती. जुने ऑर्थोडॉक्स रहिवासी बेलारूशीला जवळची बोली बोलतात. तिला भारदस्त नाव न देता ‘आपलं बोलणं’ एवढेच म्हणण्याची रीत या भागात आहे. चिनी मातीची मूर्तिभिंत (वेदीपुढची संतचित्रांची आडभिंत) असलेले सेंट निकोलसचे चर्च १८९५चे.

अरण्य सरकारचे, पण सरपण आणि रोजगार गावाचा, हे दुखणे जुने आहे. येथील राष्ट्रीय उद्यानाने या अरण्याच्या पोलंडमधील भागाचा फक्त सहावा हिस्सा व्यापला आहे. ते वाढवायचे तर कायद्याने स्थानिक संस्थांची संमती लागते, आणि ती सहजी मिळत नाही. याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१७मधील वृक्षतोडीचा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. २०१८मध्ये निकाल पोलंडविरुद्ध लागला. २०२२पासून बेलारूसच्या सीमेवर साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण आहे.