जीवनगौरव पुरस्कार, चित्रपट व माध्यम अभ्यासकांचा

चित्रपट, दूरचित्रवाणी आणि तत्सम माध्यमांचे संशोधन, अध्यापन, समीक्षा किंवा जतन यांत हयात घालवलेल्या व्यक्तीला दिला जाणारा सन्मान. तो चित्रपट घडवणाऱ्याचा नव्हे. चित्रपट समजून घेणाऱ्याचा आणि इतरांना समजावून देणाऱ्याचा. भारतात जीवनगौरव म्हटले की १९६९ पासून दिला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार आठवतो आणि तो बहुतांशी निर्माते, दिग्दर्शक, कलावंत व तंत्रज्ञांकडे जातो. अभ्यासकाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. त्याचे काम पडद्यावर दिसत नाही.

अमेरिकेत १९५९ साली अभ्यासकांची एक छोटी संस्था उभी राहिली. तीच आजची ‘सोसायटी फॉर सिनेमा अँड मीडिया स्टडीज’. तिच्या नावात ‘मीडिया’ हा शब्द २००२ मध्ये आला, कारण टीव्ही आणि व्हिडिओ वगळून सिनेमाचा विचार करणे तोवर अपुरे ठरू लागले होते. प्रदीर्घ कारकिर्दीबद्दल ही संस्था अभ्यासकांचा गौरव करते. त्याच १९५९ साली आपल्याकडे फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज स्थापन झाली आणि सत्यजित राय तिचे अध्यक्ष झाले. आपला सिनेविचार विद्यापीठांआधी फिल्म सोसायट्यांच्या खेळांत आणि खेळानंतरच्या चर्चांत वाढला, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

राष्ट्रीय पुरस्कारांत १९८१ पासून चित्रपटविषयक पुस्तकाला आणि १९८४ पासून समीक्षकाला स्थान मिळाले. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या मराठी पुस्तकाला असाच राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मात्र हे मोजमाप एका पुस्तकाचे किंवा एका वर्षातील लेखनाचे आहे, आयुष्यभराचे नाही.

आयुष्यभराचे काम म्हणजे काय, हे पी. के. नायर यांच्याकडे पाहिले की कळते. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्यांनी जवळजवळ डब्याडब्याने उभे केले. कुठल्या गोदामात, कुणाच्या माळ्यावर फिल्मची रिळे पडली आहेत याचा माग काढत ते फिरत. फाळके यांच्या मूकपटांचे उरलेसुरले अंश त्यांच्याच प्रयत्नांतून संग्रहालयात पोहोचले. अंधारात चित्रपट पाहताना ते वहीत टिपणे करत. कोणत्या रिळात कोणता प्रसंग आहे हे त्यांना पाठ असे. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे १२ हजार चित्रपट होते आणि त्यांतले ८ हजार भारतीय. २००८ मध्ये त्यांना सत्यजित राय स्मृती पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेले नसते तर आज अभ्यासकांना आपल्या मूकपटांविषयी बोलायला फार थोडे उरले असते.

मराठवाड्यात या परंपरेला जवळचा सन्मान म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील कमळधारी बोधिसत्त्वावरून त्याचे नाव पडले. पद्मपाणी स्मृतिचिन्ह, सन्मानपत्र आणि २ लाख रुपये असे त्याचे स्वरूप आहे. २०२४ मध्ये जावेद अख्तर आणि २०२५ मध्ये सई परांजपे त्याचे मानकरी ठरले. दोघेही सर्जक. निवड समितीचे अध्यक्षपद मात्र समीक्षक लतिका पाडगावकर यांच्याकडे राहिले आहे. म्हणजे निवडणाऱ्यांत अभ्यासक आहे. मानकऱ्यांतही तो यावा, अशी अपेक्षा मुळीच गैरवाजवी नाही.

त्यासाठी लागणारी भूमी इथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वृत्तपत्रविद्या आणि नाट्यशास्त्र हे विभाग आहेत, तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल. विषयांनाही तोटा नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. इथला प्रेक्षक मराठी, उर्दू, तेलुगू आणि कन्नडच्या शेजारात घडला. तो काय पाहत होता, कोणत्या भाषेतल्या जाहिराती वाचत होता, तालुक्याच्या टॉकीजमध्ये बायकांची बसण्याची सोय कशी होती, जत्रेतल्या तंबूत कोणते बोलपट लागत होते, याचा सलग इतिहास लिहिण्याजोगा आहे. त्याची साधने म्हणजे जुनी हस्तपत्रके, तिकिटांची अर्धुके, मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरांच्या आठवणी आणि स्थानिक दैनिकांच्या पिवळ्या पडलेल्या फायली. एकपडदा चित्रपटगृहे पाडून तिथे व्यापारी संकुले उभी राहत असताना ही साधने सर्वांत आधी रद्दीत जातात. ती घरी सांभाळून ठेवणारा निवृत्त शिक्षक किंवा जिल्ह्याच्या गावचा समीक्षक हाही या सन्मानाचा तितकाच हक्कदार आहे.