नोस्टडलिब आणि नोडिफॉल्टलिब्स: लायब्ररी दोन्ही गाळतात, मग फरक कशात?

जीसीसी या सी कंपायलरला ‘-नोस्टडलिब’ हा पर्याय द्या किंवा ‘-नोडिफॉल्टलिब्स’ द्या, स्टँडर्ड लायब्ररी जोडली जात नाही. नावं अशी ठेवली आहेत की एक दुसऱ्याचं टोपणनाव वाटावं. खरा फरक मात्र मेन, म्हणजे प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन, सुरू होण्याआधी चालणाऱ्या कोडचा आहे.

साधी कमांड दिली की जीसीसी आपल्या ऑब्जेक्ट फाइलींसोबत (कंपाइल झालेले तुकडे) लिंकरला, म्हणजे ते तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, न मागता आणखी काही देतो. लिनक्सवर त्यात सीआरटी१, सीआरटीआय अशा सुरुवातीच्या फाइली असतात, शिवाय लिबसी (सीची स्टँडर्ड लायब्ररी) आणि लिबजीसीसी (जीसीसीची स्वतःची मदतनीस फंक्शन्स) या लायब्रऱ्या. कमांडला ‘-व्ही’ जोडून ती लांबलचक ओळ एकदा तरी वाचावीच. नोडिफॉल्टलिब्स यातल्या फक्त लायब्रऱ्या काढतो. नोस्टडलिब सुरुवातीच्या फाइलीही काढतो.

एक रिकामं मेन घ्या. नोडिफॉल्टलिब्सने लिंक केलं तर लिंकर अडतो: ‘__लिबसी_स्टार्ट_मेन’ सापडत नाही. हे फंक्शन आपण कुठे वापरलं? आपण नाही, सीआरटी१ मधला ‘_स्टार्ट’, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो कोड, ते बोलावतो, आणि ते राहतं लिबसीत. नोस्टडलिबने केलं तर ‘_स्टार्ट’ नाही एवढाच इशारा मिळतो, फाइल तयार होते, आणि चालवली की सेगफॉल्ट, म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या पत्त्यावर गेल्याने प्रोग्रॅम कोसळतो. मेनला कुणी बोलावलेलंच नसतं, त्यामुळे परतायला पत्ता नसतो. स्टॅकच्या माथ्यावर आर्ग्युमेंटांची संख्या असते, आणि प्रोसेसर तिलाच पत्ता समजून तिकडे उडी मारतो. माझ्या मते पहिली चूक बरी, निदान लिंक होतानाच कळते.

लिबजीसीसीही दोन्हींत जाते, आणि लोक नेमके इथेच फसतात. ३२ बिट एआरएमवर ६४ बिट आकड्यांचा भागाकार लिहिला की कंपायलर त्याच लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. म्हणून ‘-एलजीसीसी’ आपण जोडावं, तेही ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर. फक्त लिबसीच नको असेल तर जीसीसी ९ पासून ‘-नोलिबसी’ आहे. मेमरी कॉपी करणारं मेमसीपीवाय आणि मेमरी भरणारं मेमसेट मात्र तुम्ही न लिहिताही कंपायलर वापरू शकतो, तेव्हा ते स्वतः पुरवावे लागतात.

गोंधळात भर म्हणजे लिंकरचाही स्वतःचा ‘-नोस्टडलिब’ आहे. त्याचा अर्थ वेगळाच: कमांडमध्ये सांगितलेल्या फोल्डरांतच लायब्रऱ्या शोध.

कर्नल, बूटलोडर, फर्मवेअर, म्हणजे जिथे ‘_स्टार्ट’ तुमचा, तिथे नोस्टडलिब. सुरुवातीच्या फाइली हव्यात पण लायब्रऱ्या आणि त्यांचा क्रम आपण ठरवायचा, तर नोडिफॉल्टलिब्स. उलट बाजूचा ‘-नोस्टार्टफाइल्स’ लायब्रऱ्या ठेवून फक्त सुरुवातीच्या फाइली काढतो. पण स्टॅटिक जोडलेल्या जीलिबसीची (लिनक्सवरची नेहमीची लिबसी) पूर्वतयारी त्या फाइलींतूनच सुरू होते, तेव्हा तिथे प्रिंटएफ चालेलच असं धरून चालू नका.