इको सुधारला, मग गोळ्या कशाला?

मामांचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला त्या संध्याकाळी घरात पेढे आले. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाचं पंपिंग 28 टक्के होतं, आता 52. (पंपिंग म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं ते. धडधाकट माणसातही ते 100 नसतं, साधारण 55 ते 70 असतं.) "इंजिन दुरुस्त झालं," म्हणत मामांनी दोन गोळ्या परस्पर बंद केल्या. आम्हाला पत्ता लागला तो महिनाअखेरीला, मामी मेडिकलमध्ये निघाल्या आणि डब्यात जवळजवळ भरलेल्या स्ट्रिप निघाल्या तेव्हा.

मामांची शंका अगदीच खुळी नव्हती. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हेच तपासून पाहिलंय. हृदय फुगून दुबळं झालेले, पण औषधांनी सुधारलेले 51 रुग्ण त्यांनी निवडले. पंपिंग पूर्ववत, दम नाही, सूज नाही. त्यातल्या 25 जणांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत 11 जणांचा आजार उलटला. गोळ्या चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. 2018 च्या अखेरीस हे निष्कर्ष आले. म्हणजे इकोवरचा तो 52 चा आकडा बहुधा गोळ्यांनीच धरून ठेवलेला असतो.

असं का, हे समजायला थोडं आत शिरावं लागतं. पंप दुबळा झाला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. शरीराला वाटतं, कुठेतरी मोठी जखम झाली, रक्त वाहतंय. मग हुकूम सुटतात: मीठ-पाणी धरून ठेवा, रक्तवाहिन्या आवळा, ठोके वाढवा. खऱ्या जखमेत ही युक्ती जीव वाचवते. पण वर्षानुवर्षं चालली तर आधीच थकलेल्या हृदयाला ती आणखी झिजवते. एनालाप्रिल, मेटोप्रोलोल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं हे हुकूम वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. गोळी थांबली की हुकूम पुन्हा सुटू लागतात.

मेटोप्रोलोलच्या जातीच्या औषधांची, म्हणजे बीटा ब्लॉकरची, गंमत अशी की दुबळ्या हृदयाला ती देऊच नयेत असं पूर्वी डॉक्टर मानत. 1975 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांवरचा उलटा अनुभव छापला. तो पटायला पुढे वीसेक वर्षं गेली. ही गोळी सुरुवातीला थकवा आणते, म्हणून डोस अगदी लहान सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. अनेकजण नेमकी याच काळात ती सोडतात. आणि ती एकदम तोडली तर ठोके उसळू शकतात.

या गोळ्यांचं काम आतल्या आत चालतं, घेतल्या-घेतल्या काही जाणवत नाही. जाणवते ती एकच, लघवीची गोळी, आणि सगळ्यांत जास्त चुकवली जाते तीही तीच. एसटीचा प्रवास, लग्नाचा हॉल, बायकांसाठी धड संडास नाही. कोण घेईल सकाळी? ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावर तोडगाही असतो. या गोळीचा, म्हणजे फ्युरोसेमाइडचा, जोर सुमारे सहा तास टिकतो. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी ती घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवता येतं. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम मात्र घेऊ नयेत.

मामांच्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या. आता न्हाणीघराबाहेर वजनकाटा आहे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोजचं वजन लिहिलं जातं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, साठलेलं पाणी असतं. लगेच फोन करायचा. पुतणीच्या लग्नानंतरच्या सोमवारी आकडा 61.4 वरून 62.6 झाला होता. शेजारी मामींच्या अक्षरात एकच शब्द: लोणचं.